फल्लाही सॅलडला पाणी सुटतं, तेव्हा नेमकं कुठे बिनसतं?

तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते. पॅलेस्टिनी सॅलड कापलं, लिंबू-तेल-मीठ घातलं, चव घेतली तेव्हा झकास होतं. पाहुण्यांना यायला अर्धा तास उशीर झाला आणि वाढायला घेतलं तर वाडग्याच्या तळाशी बोटभर पाणी, वर मलूल पडलेले टोमॅटो, काळवंडलेला पुदिना आणि सगळ्यावर कच्च्या कांद्याचा दर्प. पुढच्या खेपेला माणूस मीठ कमी करून बघतो. मग सॅलड अळणी होतं आणि पाणी सुटायचं ते सुटतंच.

हे सॅलड म्हणजे सलाता फल्लाहिया, शेतकऱ्यांचं सॅलड. पुष्कळ जण नुसतं सलाता अरबिया म्हणतात. टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी मिरची, पार्सली, पुदिना, लिंबू, ऑलिव्ह तेल आणि मीठ, यादी संपली. मकलूबाच्या (भाज्या-मांसाबरोबर शिजवून परातीत उलटा केलेला भात) परातीशेजारी हेच, डाळ-भाताच्या मुजद्दराबरोबर हेच आणि फलाफल-हुम्मुसच्या न्याहारीलाही हेच. जगभरच्या हॉटेलांत ते ‘इस्रायली सॅलड’ या नावाने खपतं. खुद्द इस्रायलमध्ये मात्र बरेच लोक त्याला अरबी सॅलडच म्हणतात. फोडणी नाही, दही नाही, दाण्याचं कूट नाही. त्यामुळे कापण्यातली आणि क्रमातली ढिलाई झाकायला काहीच उरत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. या सॅलडला थोडा रस सुटायलाच हवा. टोमॅटोचा रस, लिंबू आणि तेल एकत्र येऊन तळाशी जे दाटसर, गढूळ, किंचित गुलाबी काहीतरी जमतं, ते खुब्जच्या, म्हणजे चपट्या अरबी पावाच्या, तुकड्याने पुसून खाण्यासाठीच असतं. कित्येक घरांत त्यावरून मुलांची भांडणं होतात. सगळा रस काढून कोरडंठाक सॅलड वाढणं हा माझ्या मते पाणी सुटण्यापेक्षा मोठा अपराध आहे. दुरुस्त करायचंय ते दुसरंच: पातळ, जवळजवळ स्वच्छ, नुसतं खारट पाणी, ज्यावर तेलाचे थेंब वेगळे तरंगतात. पावाचा तुकडा बुडवून बघा. चव भरून आली तर सॅलड ठीक आहे. तुकडा नुसता भिजला आणि खारट लागला, तर पुढे वाचा.

पाणी कधी दिसलं?

कारण शोधायचं तर हा प्रश्न पहिला. मीठ घालायच्या आधीच वाडग्यात पाणी असेल, तर ते भाज्यांच्या आतलं नाही, नळाचं आहे. पार्सली आणि पुदिना धुऊन तसेच ओले कापले की पानांच्या घड्यांत अडकलेलं पाणी थेट सॅलडमध्ये उतरतं. पार्सलीची कुरळी जात असेल तर विचारूच नका. धुवायचं तासभर आधी, सुती पंचावर पसरायचं, आणि कापताना पान हाताला कोरडं लागलं पाहिजे. काकडी-टोमॅटोही पुसूनच कापायच्या पाटावर घ्यायचे.

कापता कापताच पाट ओला होत असेल, तर दोष सुरीचा किंवा यंत्राचा. यंत्र म्हणजे तो दोरी ओढायचा चॉपर, जो आता घरटी एक असतो. चटणीला, पावभाजीला उत्तम. इथे मात्र त्याला हात लावू नका. त्याची पाती टोमॅटो कापत नाहीत, झोडपतात. पेशी फुटतात, बियांभोवतीचा गर बाहेर पडतो आणि दोन मिनिटांत तुमच्याकडे फेसाळ लगदा तयार. बोथट सुरीही तेच करते, फक्त हळू. टोमॅटोच्या सालीवर सुरी घसरली तर थांबा आणि धार लावा. धारदार विळी असेल आणि हात बसलेला असेल, तर तीही चालते.

आणि मीठ घातल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी जमलं असेल, तर ते शाळेत शिकलेलं परासरण. काकडीत आणि टोमॅटोत वजनाच्या साधारण ९५ टक्के पाणीच असतं. कापलेल्या पृष्ठभागावर मीठ विरघळलं की ते आतलं पाणी बाहेर ओढतं, आणि तुकडे जितके बारीक तितका उघडा पृष्ठभाग जास्त. हे सॅलड बारीकच कापायचं असतं, मटाराच्या दाण्याएवढं किंवा थोडं मोठं, त्यामुळे मिठाला इथे रान मोकळं मिळतं. मीठ कमी केल्याने वेग थोडा मंदावतो, बाकी काही नाही. उपाय मिठाच्या प्रमाणात नसून वेळेत आहे. खमंग काकडीला मीठ पानं मांडल्यावरच लावतात हे ज्यांना आईने बजावलेलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शारजात आमच्या मजल्यावर वेस्ट बँकमधल्या जेनिनकडच्या एक बाई राहायच्या. त्यांच्या स्वयंपाकात या सॅलडची वेळ ठरलेली होती. मकलूबाचं पातेलं गॅसवरून उतरवलं की ते परातीत उलटं करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं मुरू देतात. सॅलड कापायचं ते तेवढ्यात. त्याआधी भाज्यांना सुरी लागायचीच नाही. पाट त्या घ्यायच्याच नाहीत. टोमॅटो डाव्या तळहातात धरायचा, वरून सुरीने उभ्या चिरा पाडायच्या, देठाच्या बाजूला जोडलेला ठेवून; मग टोमॅटो फिरवून त्यांना छेद देणाऱ्या चिरा; आणि शेवटी आडवी सुरी फिरवली की चौकोनी तुकडे वाडग्यात टपटप पडायचे. आपल्याकडे काकडी हातात धरून कोचवतात, त्याच जातीचं कसब. फरक एवढाच की कोचवताना सुरी काकडीवर आपटतात. इथे सुरी नुसती सरकते, अजिबात दाब द्यायचा नाही. पाटावर न कापण्याचा फायदा नंतर लक्षात आला: जो काही रस सांडायचा तो पाटावर न सांडता वाडग्यातच पडतो, आणि तुकडे दाबले जात नाहीत. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पाटावरच कापावं. बोट कापून घेण्यात शहाणपणा नाही.

क्रम

चौघांसाठी साधारण ३५० ग्रॅम टोमॅटो, ३०० ग्रॅम काकडी, अर्धा लहान कांदा, एक हिरवी मिरची, चिरलेली पार्सली मूठभर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, पाऊण छोटा चमचा मीठ, आणि एक छोटा चमचा वाळलेला पुदिना.

आधी काकडी, मग कांदा-मिरची, मग पार्सली. टोमॅटो सगळ्यांत शेवटी. त्यावर तेल घालून हलक्या हाताने वरखाली करा, म्हणजे तुकड्यांना तेलाचा पातळ लेप बसतो. तेलात मीठ विरघळत नाही, त्यामुळे पाणी ओढण्याचं काम थोडं लांबतं. थांबत नाही, लांबतं. पण ताट संपेपर्यंत तेवढं पुरतं. मग लिंबू. मीठ वाडगा उचलताना. चमच्याने ढवळत बसू नका, हाताने चार वेळा उलटसुलट केलं की झालं.

पाहुणे वीस असतील आणि आयत्या वेळी कापणं शक्यच नसेल, तर काकडी, कांदा आणि पार्सली वेगवेगळी कापून झाकून ठेवा, आणि टोमॅटोचे तुकडे गाळणीत ठेवून खाली वाडगी लावा. तासाभरात वाडगीत जो रस साठेल तो फेकू नका. त्यातच लिंबू, मीठ आणि तेल फेटलं की तयार रस झाला, तो वाढताना वर ओतायचा. दोन तासांपलीकडे मात्र हे ताणू नये.

भाजीच पाणचट असेल तर

इथे थोडं त्या मातीकडे बघावं लागतं. वेस्ट बँकमध्ये उन्हाळी भाज्यांची जुनी पद्धत ‘बअल’ शेतीची: पाटाचं पाणी द्यायचंच नाही. पाऊस हिवाळ्यात पडतो, वसंतात संपतो; त्यानंतर जमिनीत मुरलेली ओल आणि पहाटेचं दव यांवर टोमॅटो, काकड्या, भेंडी, फक्कूस वाढतात. फळ लहान, साल कधी जाड, पण आत पाणी कमी आणि चव गच्च. सालफीत जिल्ह्यातल्या दैर बल्लूतचं आणि बेथलेहेमजवळच्या बैत साहूरचं फक्कूस आजही नावाजलेलं आहे. फक्कूस म्हणजे फिकट हिरवी, लांब, रेघारेघांची काकडी. दिसायला काकडी, पण कुळाने खरबुजाची. उत्तर भारतात उन्हाळ्यात गाड्यांवर विकतात ती लांब, बारीक ककडी याच जातकुळीतली. सालीसकट खायची आणि करकरीत. हे सॅलड असल्या भाज्यांवर पोसलेलं आहे. आता तिथेही हरितगृहातली, ठिबकवर वाढलेली काकडी बाजारात सगळीकडे असते, तेव्हा पाणी सुटण्याची कुरकुर तुमची एकट्याची नाही.

आपल्या बाजारात काय घ्यावं? काकडी लहान आणि कोवळी, अंगठ्याहून थोडी जाड, बी न धरलेली. मोठीच मिळाली तर उभी चिरून मधला बियांचा भाग चमच्याने खरवडून टाका. बरंचसं पाणी तिथेच असतं. कोकणातलं तवसं इथे चालणार नाही, ते तवसोळीलाच ठेवा. आणि प्रत्येक काकडी देठाकडून चाखून घ्या, कारण कडवटपणा देठाच्या टोकाला आणि सालीखाली जास्त असतो आणि एक कडू काकडी सगळ्या वाडग्याची वाट लावते.

टोमॅटोचं गणित जरा अवघड आहे. नारायणगावहून ट्रकने येणारे लांबट, कडक टोमॅटो प्रवासासाठी बनलेले: गर जाड, रस कमी. त्यांना पाणी सुटत नाही हे खरं, पण त्यांना काहीच सुटत नाही, चवसुद्धा. गावठी टोमॅटो आंबट, रसाळ, पण कापताच सांडतो. मी दोन्ही निम्मे निम्मे घेते, आणि गावठीच्या बिया-रस गाळणीतून रसात मिसळते. एक पथ्य मात्र दोघांनाही सारखं: टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत. थंडीत त्यांची सुगंधी द्रव्यं मंदावतात आणि नंतर बाहेर काढले तरी पूर्ण परत येत नाहीत. ‘सगळं बरोबर केलं तरी सॅलड मुकं लागतं’ असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा मी आधी टोमॅटो कुठे ठेवले होते ते विचारते.

कांदा, लिंबू, तेल

आपला लाल कांदा तिखट असतो, आणि कापून ठेवला की आणखी उग्र होतो. प्रमाण कमी ठेवा. चिरून थंड पाण्यात पाच मिनिटं, मग घट्ट पिळून घ्या. किंवा चिमूटभर मीठ आणि असेल तर सुमाक (एका फळाची आंबट, तांबडी भुकटी) लावून बोटांनी चोळा, त्याने दर्प मोडतो आणि रंगही सुरेख येतो. सुमाक नसेल तर नसू दे. त्याच्या जागी आमचूर किंवा चाट मसाला घालणाऱ्यांशी माझं पटत नाही; चव वाईट लागते म्हणून नव्हे, तर पहिल्या घासाला भेळेची आठवण येते म्हणून.

तिथलं लिंबू मोठं, पिवळं, जाड सालीचं. आपलं कागदी लिंबू त्याच्यापेक्षा धारदार, म्हणून थोडं हात राखून घाला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नका, सालीतला कडवटपणा उतरतो.

तेलाच्या बाबतीत दोन वेगळ्या तक्रारी एकत्र केल्या जातात. चांगलं ऑलिव्ह तेल किंचित कडसर असतं आणि घशात मिरीसारखं चुरचुरतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पॅलेस्टाइनमध्ये फळं उतरवली जातात, तेव्हाचं ताजं हिरवं तेल तर ठसकाच लावतं. तो गुण आहे. खवट वास मात्र दोष. जुन्या शेंगदाण्यांना येतो तसा वास बाटलीला येत असेल तर ते तेल सॅलडला नको. गॅसजवळच्या खिडकीत, उन्हात ठेवलेल्या काचेच्या बाटलीचं असंच होतं. ‘पोमेस’ लिहिलेलं, म्हणजे चोथ्यातून काढलेलं, तेल तळणाला ठीक, इथे एक्स्ट्रा व्हर्जिनच हवं, कारण मसाला म्हणून जे काही आहे ते हे तेलच. घाण्याचं शेंगदाणा तेल घातलं तर चविष्ट कोशिंबीर होईल. फक्त ती कोशिंबीर होईल.

पार्सलीऐवजी कोथिंबिरीचंही तसंच. पुण्या-मुंबईत मोठ्या भाजीवाल्यांकडे पार्सली मिळते. नाहीच मिळाली तर कोथिंबीर अगदी थोडी आणि पुदिना जास्त, असं करा.

पुदिना काळा पडतो

ताजा पुदिना आधी कापून ठेवला आणि वर लिंबू पडलं की तो काळवंडणारच. वाळलेला वापरा. त्यात कमीपणा काही नाही. पॅलेस्टिनी घरांत वाळलेला पुदिना सर्रास घालतात. सावलीत वाळवलेली पानं दोन तळहातांत चुरडून थेट वाडग्यावर सोडायची, तेलानंतर, मिठाच्या आधी. ताजाच हवा असेल तर पानं हाताने फाडून अगदी शेवटी घाला.

ताहिनीचं रूप आणि ते का फाटतं

याच सॅलडवर ताहिनीचा (वाटलेल्या तिळांची पेस्ट) रस घालून सलाता बि-ताहिना करतात. ताहिनीत लिंबू पडलं की ती एकदम घट्ट होऊन गोळा बनते आणि लोक घाबरून तेल ओततात. तेलाने ती आणखी बिघडते. ताहिनीला पाणी हवं असतं: थोडंसं पडलं की ती आवळते, आणखी पडलं की सैल होऊन पांढरी, मऊ होते. थंड पाणी चमच्याचमच्याने घालत फेटत राहा. इथे मात्र रस हवा त्याहून दाट ठेवून थांबा, कारण उरलेलं पाणी भाज्या देणारच आहेत. घरी ताहिनी वाटायची तर सालीसकटचे तीळ घेऊ नका, कडवट लागते. पॉलिशचे तीळ, रंग बदलू न देता जेमतेम भाजलेले.

आणि हाच पाणी सुटलेल्या सॅलडवरचा सगळ्यांत कामाचा इलाज आहे. भाज्या गाळणीत निथळत ठेवा. खाली जमलेल्या पाण्यात मीठ आणि लिंबू आहेच; त्यात तीन-चार मोठे चमचे ताहिनी, लसणाची अर्धी पाकळी ठेचून फेटा आणि भाज्यांवर परत घाला. पाहुण्यांना कळणारही नाही की बेत दुसरा होता.

जिथे रसच हवा असतो: गाझाची दग्गा

पाणी सुटणं हीच ज्याची रीत, असाही एक प्रकार आहे, आणि टोमॅटो फार पिकलेले, मऊ पडलेले असतील तर फल्लाही सॅलडचा हट्ट सोडून तोच करावा. गाझात जिब्दिया नावाचं जाड, बिनझिलईचं मातीचं भांडं घरोघरी असतं, त्यासोबत लाकडी मुसळी, बऱ्याचदा लिंबाच्या लाकडाची. त्यात आधी लसूण, हिरव्या मिरच्या आणि मीठ ठेचायचं. इथे मीठ पहिल्यांदा, कारण खडबडीत मिठामुळे मिरची चांगली वाटली जाते. मग शेपू, आणि मग टोमॅटोचे तुकडे घालून नुसते चेपायचे. लिंबू, भरपूर तेल. गाझाचं जेवण बाकी पॅलेस्टाइनपेक्षा तिखट, आणि शेपू ही तर त्याची खूणच. ताजा पाला आणि बी, दोन्ही. शेपूचं नाव काढलं की नाक मुरडणारे मराठी घरांत पुष्कळ आहेत, त्यांनी तो अशा कच्च्या रूपात एकदा खाऊन बघावा, भाजीत जो उग्र लागतो तो इथे लागत नाही. आपला दगडी खल चालतो. दग्गा तिखटच असते आणि पातळही. ती भांड्यातूनच पावाने खातात, वाडग्यात काढत नाहीत. २०२३ च्या ऑक्टोबरपासूनच्या युद्धात गाझातली बहुतेक शेतजमीन उद्ध्वस्त झाली, आणि ज्या टोमॅटो-मिरच्यांवर हा पदार्थ रोज व्हायचा त्या तिथे दुर्मीळ होऊन बसल्या. आपण मऊ पडलेला टोमॅटो फेकताना हे आठवायला हरकत नाही.

खलातली दग्गा पांचट लागली तर बहुधा टोमॅटो जास्त चेपलेले असतात. तुकडे ओळखू आले पाहिजेत. तिखट फार झाली तर आणखी टोमॅटो घाला, साखर नको.

उरलेल्या फल्लाही सॅलडचं काय? फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी ते सॅलड म्हणून वाढू नका, कितीही निगुतीने केलेलं असलं तरी. रात्रीच निथळून घ्या, सकाळी तव्यावर ऑलिव्ह तेलात परतून पाणी आटलं की त्यावर दोन अंडी फोडा आणि झाकण ठेवा. काकडी जास्त उरली असेल तर ती आधी वेचून काढा, गरम काकडी कुणालाच आवडत नाही.